परसात काय लावलं तर भाजीचा खर्च खरंच कमी होईल? (४५ चौ. मी., डिचोली तालुका)

मेणकुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात, डिचोली तालुक्यात मेणकुऱ्याला राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासू-सासरे आणि सातवीतली मुलगी. घरामागे परसात साधारण ४५ चौरस मीटर जागा मोकळी आहे. पश्चिमेला दोन माड, त्यांची सावली दुपारनंतर एका कोपऱ्यावर येते. बाकी जागेला चांगलं ऊन आहे. माती जांभी, खणताना खडे लागतात. विहीर आहे, पण एप्रिलमध्ये ती तळ गाठते.

भाजीवर आमचे महिन्याला ३,००० ते ३,५०० रुपये जातात. श्रावणात आणि चतुर्थीच्या आसपास त्याहून जास्त. सासऱ्यांच्या पेन्शनीतले बरेचसे पैसे औषधांना लागतात, त्यामुळे मला ही बाग हौसेखातर करायची नाही, महिन्याच्या खर्चात फरक दिसला पाहिजे. कुंपण, खत, बियाणं मिळून ४,००० च्या वर घालणं जमणार नाही.

नवरा म्हणतो टोमॅटो, फ्लॉवर, ढबू मिरची लावू, कारण महाग तीच असते. सासूबाई म्हणतात तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, नवलकोल लाव. पण कोणत्या पिकाने किती वाचतं ते मांडून कोणी दाखवत नाही. आता पाऊस ओसरत आलाय, दसऱ्याच्या आसपास वाफे करायचे आहेत. गोव्यातल्या मातीत ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं. घाटावरच्या काळ्या मातीतले व्हिडिओ खूप बघितले, त्यातलं आमच्याकडे फारसं लागू पडत नाही.

सावईवेरेची_आक्का

बाय, सासूबाईंचं ऐक. का ते हिशेबाने सांगते.

तुझे यजमान म्हणतात ते पावसाळ्यापुरतं खरं आहे. टोमॅटो-फ्लॉवर महागतो तो पावसात, चोर्ला घाटात दरड आली की आणखी. पण तू आता रोप लावलंस तर तुझा टोमॅटो जानेवारी-फेब्रुवारीत पिकणार. तेव्हा बेळगावहून येणाऱ्या गाड्याही टोमॅटोनेच भरलेल्या असतात आणि फलोत्पादन महामंडळाच्या दुकानावर तो वर्षातला सगळ्यात स्वस्त मिळतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला, पण त्या पावसात आपल्याकडे उघड्यावर टोमॅटोचं झाड तग धरत नाही. म्हणजे महाग असतो तेव्हा तो तुझ्याकडे नसणार, आणि तुझ्याकडे असेल तेव्हा बाजारात कोणी विचारत नसणार.

आता वाफ्याचा हिशेब. मी नेहमी एकच गोष्ट बघते, एका वाफ्याने एका महिन्यात किती रुपयांची भाजी दिली. किलोला काय भाव आहे त्यावर जाऊ नकोस, कारण जागाही मोजकी आणि पाणीही मोजकं.

एक मीटर रुंद, तीन मीटर लांब असा वाफा धर. त्यात फ्लॉवरचे बारा गड्डे बसतील. तीन महिने जागा अडवून सगळेच्या सगळे भरले, तरी ४० च्या भावाने ४८० रुपये, म्हणजे महिन्याला १६०. आणि आपल्या दमट हवेत बारापैकी किती नीट भरतील सांगता येत नाही. त्याच वाफ्यात कांदा लावलास तर चार महिन्यांनी साधारण सहा किलो मिळेल. ३५ रुपये भाव धरला तर २१० झाले, महिन्याला पन्नासच्या आसपास. तांबडी भाजी त्याच वाफ्यात महिनाभरात तीन-साडेतीन किलो येते. बाजारातल्या मापाने बारा-चौदा जुड्या. २० रुपयांची जुडी धरली तर २४० ते २८०. शिवाय वाफा रिकामा झाला की शेणखत मिसळून त्याच आठवड्यात परत पेरता येतो.

नवलकोलही असाच. दोन महिन्यांत तयार, वाफ्यात चाळीसेक रोपं बसतात, आणि कोवळा पाला वेगळा शिजतो. मुळ्याचं तसंच, पाल्याची भाजी एक दिवस, मुळा डाळीत दुसऱ्या दिवशी. जे मुळापासून शेंड्यापर्यंत खाता येतं ते लहान जागेत परवडतं. ढबू मिरची आणि कोबी मी परसात घेत नाही, तुलाही सांगणार नाही.

पण खरी बचत कुठे होते ते नीट समजून घे. तुझ्या परसात पिकलं म्हणून पैसे वाचत नाहीत. तू दुकानात जायचं थांबलीस तर वाचतात. चाळीस नवलकोल एकाच आठवड्यात तयार झाले तर तुम्ही खाणार सहा-सात, बाकी शेजारी वाटणार. वाटण्यात आनंद आहे, ते जरूर कर, पण त्याने तुझे तीन हजार कमी होणार नाहीत. म्हणून पेरणी टप्प्याटप्प्याने हवी. तांबडी भाजी तीन वाफ्यांत, दहा-दहा दिवसांच्या अंतराने. नवलकोलची रोपं दर पंधरवड्याला दहा. मुळाही तसाच.

आणि वाफे करायच्या आधी एक काम कर. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज भाजी काय आणली आणि किती रुपयांची ते त्या तारखेच्या चौकोनात लिहीत जा. मी अजून लिहिते. कांदा-बटाटा-टोमॅटो वेगळा, बाकी वेगळं. कांदा-बटाट्याचा खर्च परसातून भागणार नाही, तो सोडून दे. कोथिंबीर, मिरची, पालेभाजी, वालीच्या शेंगा ही दहा-वीस-तीस रुपयांची खरेदी असते, ती लक्षातही राहत नाही, पण महिन्याच्या शेवटी बेरीज केलीस की मोठी रक्कम निघते. शिवाय ह्याच भाज्या फ्रिजमध्ये सडतात. कोथिंबिरीची अर्धी जुडी टाकून देतोच आपण. परसात असली की चार काड्या खुडायच्या.

४५ मीटरमधली तिसरा हिस्सा जागा वाटांना जाईल. दहा वाफे निघतील. मी असते तर असे वाटले असते: तीन तांबडीला, एक मुळ्याला, एक नवलकोलला, एक वांग्यांना (सात-आठ झाडं पाच माणसांना पुरतात), अर्धा हिरव्या मिरचीला, अर्धा कोथिंबीर-मेथीला, एक भेंडीला, दोन वालीच्या शेंगांना. वाल मांडवावर चढतो, मांडव उत्तरेच्या कडेला घाल म्हणजे इतरांचं ऊन अडणार नाही. कोथिंबीर डिसेंबर-जानेवारीत चांगली येते, मार्चनंतर फुलावर जाते, तेव्हा तो वाफा चवळईला दे.

माडांच्या सावलीतला कोपरा वाया जातो असं समजू नकोस. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लाव. मे महिन्यात त्या कोपऱ्यात हळद आणि सुरण घाल. श्रावणात पातोळ्यांना हळदीची पानं विकत घ्यायला गेलं की कळतं काय भाव असतो, आणि अळूही तेव्हाच महागतो. शेवग्याची फांदी कुंपणाजवळ, जिथे पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर रोव. कढीलिंबाचं रोप एक पुरे. ह्यांना एकदा लावलं की दरवर्षी नव्याने खर्च नाही.

तांबडीचं बी पेरताना वाफ्याला अर्धा चमचा पुरतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेक, नाहीतर एकाच जागी दाट पडतं. कडेने राखेची रेघ ओढ, मुंग्या बी ओढून नेतात. तीन आठवड्यांनी जिथे दाट आलीय तिथली मोठी मोठी रोपं मुळासकट उपट, बारकी तशीच ठेव. आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं असलं की माती सैल होते आणि शेजारचं रोप हलत नाही. उरलेली आठवड्याभरात भरतात. चार चांगली झाडं कापू नकोस. त्यांना तुरे येऊ दे, वाळले की सुपात चोळ, काळं चकचकीत बी निघतं. पुढच्या वर्षी बियाण्याला पैसे नाहीत. सात शिरांच्या भेंडीचंही तसंच कर. पहिल्या तोडीतली सगळ्यात सरळ भेंडी झाडावरच जून होऊ दे, सुकून उकलायला लागली की काढ. पाकिटावरचं संकरित बी मात्र असं धरून उपयोग नाही, म्हणून गावातल्या कुणाकडून जुनं बी मिळतंय का ते आधी बघ.

किती वाचेल? नोव्हेंबर ते मार्च महिन्याला ८०० ते १,००० रुपये धर. त्याहून मोठा आकडा मी सांगणार नाही, कारण अर्धा खर्च कांदा-बटाटा-टोमॅटोचा आहे आणि तो राहणारच. पहिल्या मोसमात तुझे घातलेले ४,००० फिटतील. दुसऱ्या वर्षी कुंपण आहे, बी आहे, म्हणजे जवळजवळ सगळं हातात राहील.

पण मार्चला थांबू नकोस. आपल्याकडे खरी बचत पावसातली. पाणी शेंदायला नको, भाज्या महाग, श्रावण आणि चतुर्थी तोंडावर. पहिला पाऊस पडला की दोडकी, काकडी, पडवळ, कारली मांडवावर आणि भेंडी उंच गादीवाफ्यावर. माटोळीच्या (चतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्या बांधतात ती) बाजारात एका दोडक्याला, एका चिबडाला काय मागतात ते फोंड्याच्या बाजारात आदल्या दिवशी जाऊन बघ. माटोळीला परसातलं बांधता आलं तर तिथेच तुझे चार-पाचशे सुटतात, आणि सासूबाईंना जे समाधान वाटेल त्याचा तर हिशेबच नाही.

मांद्र्याचा_मिरचीवाला

आक्कांनी सगळं सांगितलंय, फक्त जनावरांचं राहिलं. वहिनी, मेणकुऱ्याला माकडं असणारच. पीक निवडताना हा विचार आधी करा. माकडं वालीच्या शेंगा, काकडी, भेंडी, वांगी काहीच ठेवत नाहीत. अळू, हळद, सुरण, कढीलिंब आणि बरीचशी मिरची सुटते. मोर मात्र मिरचीही खातो आणि तांबडीची कोवळी रोपं तर शेंड्यापासून टोचतो.

नवीन जाळी घेऊ नका, बजेट तिथेच संपेल. शापोऱ्याच्या धक्क्यावर किंवा कुठल्याही मासेमारी गावात जुनी फाटकी जाळी कमी पैशांत मिळतात, ओळखीत फुकटही देतात. वाफ्यांवर बांबूच्या कमानी करून वरून टाकायची आणि कडा दगडांनी दाबायच्या. नुसतं कुंपण करून माकड थांबत नाही, ते वरून येतं. जाळी ताणून बांधा, सैल लोंबती ठेवली तर त्यात साप, पक्षी अडकतात.

मिरचीचा आणखी एक हिशेब. हिरव्या मिरचीला सहा झाडं खूप झाली. पण जागा वाढवता आली तर सुक्या मिरचीसाठी लावा. हरमलच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे, काणकोणच्या खोल्याच्या मिरचीलाही आहे, आणि पुरुमेंताच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) वेळी म्हापशाच्या बाजारात गावठी मिरचीचा भाव ब्याडगीपेक्षा कितीतरी चढा असतो. दहा चौरस मीटरमधून एक-सव्वा किलो सुकी मिरची निघते. आमच्याकडे वर्षभराच्या हुमणाला (माशाच्या कालवणाला) गावठी मिरचीच लागते, त्यामुळे माझ्या घरी सगळ्यात जास्त पैसे तिनेच वाचवले.

माती_पाणी_वाळपई

ताई, तुम्ही जांभी माती आणि खडे लिहिलंत म्हणून मातीबद्दल सांगतो, कारण माती सुधारली नाही तर वरचे सगळे आकडे अर्ध्यावर येतील.

आपल्या पावसात, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, मातीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. आंबट मातीत खत घातलं तरी झाडाला पुरेसं लागू पडत नाही. वाफे खणल्यावर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम कृषी चुना किंवा डोलोमाइट मिसळा, हलकं पाणी द्या आणि दोन आठवडे थांबा. मगच शेणखत घाला. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घातलं तर खतातलं नत्र हवेत उडून जातं. चुलीची राख असेल तर तीही चालते, पण चुना घातलेल्या वाफ्यात ती बेतानेच. त्याआधी माती तपासून घेतलीत तर उत्तम. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. कृषी कार्ड नसेल तर तेही तिथेच काढा, सरकारी योजनांना ते लागतं.

दुसरी गोष्ट वांगी, मिरची, टोमॅटोची. गोव्यात ह्या तिघांचा मोठा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर. झाड हिरवंगार असतं, दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि चार दिवसांत उभ्या उभ्या जातं. पाणी कमी पडलं असं वाटून लोक आणखी पाणी ओततात. खात्री करायची तर बुंध्याचा बोटभर तुकडा तिरका कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर मरच. ते झाड मुळासकट काढून जाळा आणि त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं ह्या तिघांपैकी काहीही लावू नका. तिथे पालेभाजी, वाल, मका घ्या.

म्हणून रोपवाटिकेतून डोळे मिटून रोपं आणू नका. मी एकदा एका ठिकाणाहून आणलेली वांग्याची रोपं फुलावर यायच्या आत मेली, आणि मर त्या वाफ्यात कायमची बसली. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर सहन करणारे वांग्याचे वाण काढले आहेत, तिथे किंवा कृषी विज्ञान केंद्रात बी मिळतंय का विचारा. टोमॅटो लावायचाच असेल तर ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण मरीला बऱ्यापैकी तोंड देतो.

पाण्याचंही आधीच बघा. मार्चच्या उन्हात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर लागतं, म्हणजे तुमच्या तीस मीटर वाफ्यांना १२० ते १५० लिटर. वाळकी चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि भाताचा पेंढा अंथरलात तर त्यात चांगली बचत होते. विहीर एप्रिलमध्ये आटते तर मार्चअखेर वाफे हळूहळू कमी करत आणा.

मेणकुऱ्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्या आक्कांवर फार खूश आहेत.

आक्का, तुम्ही म्हणालात तसं तेव्हापासून दिनदर्शिकेवर लिहितेय. जे दिसलं त्याने मीच चकित झाले. फ्लॉवर आणि ढबू मिरची आम्ही क्वचितच आणतो, मनात मात्र तीच महाग म्हणून बसली होती. सगळ्यात जास्त वेळा कोथिंबीर, मिरची आणि कुठली ना कुठली पालेभाजी आहे. रोजचे वीस-तीस रुपये नवरा कामावरून येताना देतो आणि ते कुठेच मोजले जात नव्हते. त्याने स्वतः बेरीज केली आणि आता फ्लॉवरचं नाव काढत नाही. टोमॅटोची दोन झाडं मात्र त्याला हवीच आहेत.

चुना घालून झालाय. जाळ्यासाठी शिवोलीतल्या मावसभावाला सांगितलंय.

दोन शंका आहेत. पहिली, सासऱ्यांना अळसांदे (मोठी गावठी चवळी) फार आवडतात आणि गावठी अळसांदे किती महाग झालेत ते तुम्हाला माहीत आहेच. दोन वाफे त्यांना द्यावेत का? घराच्या खालच्या बाजूला आमचं थोडं भातशेत आहे, ते कापणीनंतर नुसतंच पडून असतं. दुसरी, मुलीला एक वाफा स्वतःचा हवाय. तिला काय द्यावं?

सावईवेरेची_आक्का

बाय, अळसांदे परसात नको. सुके दाणे चौरस मीटरला फार तर शंभर ग्रॅम मिळतात. दोन वाफ्यांतून अर्धा-पाऊण किलो, म्हणजे दोन-तीन वेळच्या तोणाकापुरते (उसळीच्या रश्श्यापुरते). आणि त्यासाठी तीन महिने वाफे अडकणार, त्यात तांबडीच्या तीन तोडी झाल्या असत्या. पण खालचं शेत आहे ना, तिथे घाल. भात कापलं की जमिनीत ओल असते तोवरच, नोव्हेंबरमध्ये, एकदा नांगरून पेर. दवावर आणि त्या ओलीवर पीक निघतं, जास्तीचं पाणी फारसं लागत नाही. दोनशे मीटर जरी पेरलंस तरी पंधरा-वीस किलो निघतील, तुमचं वर्ष निघून वर बियाण्याला उरतील. दाणे कडक उन्हात वाळव, राखेत घोळून डब्यात भर, भुंगा लागत नाही. गुरं मोकळी सुटतात त्या दिवसांत, तेवढी एका बाजूची वई (कुंपण) नीट घाल.

यजमानांना टोमॅटोची दोन झाडं दे. वांग्याच्या वाफ्यापासून लांब, मोरीच्या दुसऱ्या बाजूला.

मुलीला मुळा दे. तीन-चार दिवसांत उगवून वर येतो, मुलांना थांबायला लागत नाही. दीड महिन्यात तिने स्वतः उपटून आणलेला मुळा ताटात येईल. ओळींत पेरायला सांग, दोन बोटं खोल नको, पेरभर पुरे. रोपं चार पानांची झाली की वितीवर एक ठेवून बाकीची विरळायची आणि त्याच दिवशी त्या पाल्याची भाजी करायची. बी थोडं जास्त घेऊन ठेव, दर पंधरा दिवसांनी अर्धी ओळ तिच्याकडून पेरून घे.